गुडघा बरा असताना

भोपाळातल्या आमच्या मराठी मंडळात मी नकलाकार म्हणून प्रसिद्ध होतो. स्टेशनवरची उशिरा येणाऱ्या गाडीची घोषणा, शिंक दाबत भाषण करणारे आमच्या कारखान्याचे मोठे साहेब, आरतीत सगळ्यांच्या एक कडवं पुढे पळणारे काका, असा माझा माल होता. कार्यक्रमाच्या दिवशी भात शिजायला वेळ असला की अध्यक्ष म्हणायचे, "तोवर याला सोडा."

सगळ्यांत जास्त टाळ्या मिळालेली नक्कल मात्र यांपैकी कुठलीच नव्हती. ती माझ्या पाच वर्षांच्या मुलीची होती.

त्या हिवाळ्यात मुक्ता सकाळी उठली की विचित्र चालायची. उजवा पाय न वाकवता, भिंत धरून, मागचा भाग बाहेर काढून. मी तिला पेन्शनर काकू म्हणायचो. शाळा टाळायची नाटकं, असं माझं पक्कं निदान होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी स्टेजवर तिचं ते चालणं करून दाखवलं. रजई बाजूला करणं, पाय खाली सोडून थोडा वेळ विचार करणं, भिंतीला धरून तीन पावलं, स्विचबोर्डपाशी थांबा, कमरेवर हात, पुन्हा तीन पावलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पहिल्या रांगेत गालात तिळाचा लाडू धरून मुक्ता बसली होती. सगळ्यांत जास्त तीच हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचं लंगडणं बंद झालं. मी बायकोला म्हणालो, "बघ मेधा, एका नकलेत बरी केली."

खरं काय होतं ते मला फार नंतर कळलं. कोलार रोडच्या कोपऱ्यावर माझी कारखान्याची बस सात वीसला यायची. मुक्ता अंथरुणात बसून राहायची, मी बाहेर पडल्यावर दाराची कडी वाजल्याचा आवाज ऐकायची, आणि मग खाली उतरायची.

ज्यांच्या हातात नुकतीच दवाखान्याची ती जाड फाइल आली आहे, अशा आईबापांसाठी हे लिहितोय. आजाराबद्दल काय ते डॉक्टरांना विचारा. मी फक्त कुठे कुठे चुकता येतं ते सांगू शकतो. त्या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे.

कब से

शाळेच्या गॅदरिंगसाठी घट्ट पायजमा चढवताना मेधाला दिसलं की मुक्ताचा एक गुडघा दुसऱ्याहून चांगलाच जाड आहे. हात लावला तर गरम. शाहपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या बालडॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, दोन रक्ततपासण्या लिहिल्या आणि मोठ्या दवाखान्यातल्या मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं.

बाई जबलपूरच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सुबह उठकर कैसे चलती है?"

मेधा सांगायला लागली तेवढ्यात मी उठलो. "दिखाता हूँ, मॅडम."

तपासायच्या टेबलापासून वजनकाट्यापर्यंत मी चालून दाखवलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "फिर से." मी पुन्हा चाललो.

"पैर सीधा कब होता है?"

"नाश्ते के बाद, मॅडम. ठंड ज़्यादा हो तो और देर से."

"बहुत बारीकी से देखा है आपने, पापा." तिथे सगळ्या बापांना पापाच म्हणतात. "कब से है?"

"संक्रांति के पहले से."

होळी होऊन आठवडा झाला होता. माझ्या कानामागे अजून हिरवा रंग होता. बाई त्या रंगाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तो लाए क्यों नहीं?"

मला सगळं दिसलं होतं. मी त्याचं फक्त हसू करून टाकलं होतं.

गठिया, त्या म्हणाल्या. मुलांना होतो तो संधिवात. मी म्हणालो, "गठिया तो बुज़ुर्गों को होता है न?" त्या म्हणाल्या, "बीमारी आधार कार्ड देखकर नहीं आती."

मेधाने विचारलं, "ठीक हो जाएगी?"

"ऊपर-नीचे होता रहेगा. बहुत बच्चे बिल्कुल अच्छे रहते हैं. कुछ का लंबा चलता है. ये किधर जाएगी, अभी नहीं बता सकती."

या शेवटच्या वाक्याबरोबर आम्ही गेली चार वर्षं राहतोय.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या आजारात डोळ्यांना आतून सूज येऊ शकते. "आँख लाल नहीं होगी. दर्द नहीं होगा. बच्ची कुछ नहीं बताएगी. फिर भी हर तीन महीने आँख की जाँच. घुटना अच्छा हो तब भी." कागदावर त्यांनी ती ओळ दोनदा अधोरेखित केली. मी मान डोलावली. मान डोलवण्यात मला कुणी हरवू शकत नाही.

पार्किंगमध्ये मेधाने स्कूटरला किल्ली लावली आणि तशीच उभी राहिली. "तुम्हाला नाश्त्यानंतरचंसुद्धा माहीत होतं?" ती म्हणाली. रागावून नाही. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पिवळा रविवार

गुडघ्यात एक इंजेक्शन झालं. त्यासाठी मुक्ताला थोडा वेळ झोपवलं होतं. ती आत असताना मी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचा 'शांत रहें' हा फलक किती वेळा वाचला ते सांगत नाही. मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. गोळी पिवळी, दिवस रविवार. गोळीने मुक्ताला मळमळायचं. दोन महिन्यांत असं झालं की गोळी घ्यायच्या आधीच, नुसता पिवळा रंग पाहून, तिला ओकारी यायची. मराठी स्वयंपाकघरातून पिवळा रंग काढून दाखवा बरं! वरण गेलं, कढी गेली, पोहे गेले. आमच्याकडे रविवारी पांढरा उपमा आणि ताकभात.

शेजारच्या तिवारी आंटी डबा घेऊन आल्या. "भाईसाहब, बेसन के लड्डू लाई हूँ, बिटिया के लिए." मुक्ताने डब्यात पाहिलं आणि बाथरूमकडे पळाली. आंटी म्हणाल्या, "हाय राम, सूँघा भी नहीं!" त्यानंतर त्या बिचाऱ्या रविवारी पिवळी साडीसुद्धा नेसेनाशा झाल्या. असल्या दयेवर दिवस निघतात.

मी केलेला एक पराक्रम इथेच सांगून टाकतो. कारखान्यातल्या एका मित्राने कुठल्याशा वैद्याचं लाल तेल आणून दिलं. मेधा शाळेत शिकवायला गेली असताना मी ते गरम करून मुक्ताच्या सुजलेल्या गुडघ्याला रगडलं. ती ओरडली तशी आयुष्यात मी कुणाला ओरडताना ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मेधाने वास घेतला, बाटली उचलली आणि मोरीत रिकामी केली. ती मोरी अजून लाल आहे.

आणि भीती. भीतीला आमच्या घरात एक आवाज आहे. सकाळी मुक्ता खोलीतून निघते तेव्हाचा तिच्या पायांचा. टप टप टप आला की मेधा गॅस पेटवते. टप... फस्स... टप आला की आम्ही दोघंही जिथे असू तिथे थांबतो. आज गुडघा की घोटा? उद्या मनगट? दाढी करता करता ऐकत उभं राहायचं. कितीदा गाल कापून घेतलाय.

क्रेन

दोन वर्षांनी एक चांगला काळ आला. सूज नाही, लंगडणं नाही, सकाळी टप टप टप. मुक्ता सात वर्षांची झाली होती आणि घरभर उंडारत होती.

कारखान्यात माझं काम क्रेनच्या देखभालीचं. डोक्यावरून टनावारी लोखंड नेणाऱ्या क्रेनचे पोलादी दोर ठरल्या दिवशी तपासायचे. उत्पादनवाले दर वेळी येऊन गळ घालतात, "साहब, मस्त चल रही है, अगले महीने देख लेना." त्यावर मी जे भाषण ठोकतो ते सगळ्या शेडला पाठ आहे. दोर तुटायच्या आधी ओरडत नाही, बाहेरून चकचकीत दिसतो, आतली तार आधी जाते. वीस वर्षं मी हे भाषण करतोय.

आमच्या घरात कामाची वाटणी होती. गोळ्या आणि रक्त मेधाकडे, डोळे माझ्याकडे. त्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीची तारीख मंडळाच्या गणेशोत्सवात आली. मुलांचं नाटक मी बसवत होतो. मुक्ता त्यात उंदीर होती. अख्खं स्टेज धावत ओलांडायचं काम होतं तिचं, आणि ती धावत होती. माझी मुलगी धावत होती! रंगीत तालीम सोडून तिला बुबुळं दाखवायला कोण नेणार?

मी दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. मग दिवाळी आली. मग आम्ही नागपूरला माझ्या भावाकडे गेलो. पुन्हा ढकलली. मधेच एकदा पोळ्या लाटताना मेधाने विचारलं, "डोळ्याचं झालं ना हो?"

"झालं," मी म्हणालो.

मी मनात म्हणालो की फोन करून नवी तारीख घेतली आहे, तेव्हा 'झालं' हे तसं खोटं नाही. पण ते खोटंच होतं. तिने सुटकेचा श्वास टाकला तो मला लाटण्याच्या आवाजातही ऐकू आला.

तक्ता

शेवटी गेलो तेव्हा आधीच्या तपासणीला सहा महिने होऊन गेले होते. मुक्ता आणि मी, दोघंच. मेधाला मी सांगितलं होतं की ही पुढची तपासणी आहे.

खुर्चीवर बसवून एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावतात. आमच्या पुढे एक आजोबा होते, ते मोठ्याने वाचून गेले. मग मुक्ता. उजव्या डोळ्याने खडाखडा वाचलं. डाव्या डोळ्यानेही खडाखडा, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मी बाजूच्या माणसाकडे बघून थोडा फुशारलोदेखील.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला त्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायला सांगितली, जिथे बारीक उजेडाची चीर डोळ्यात सोडतात. ते बघत राहिले. उजवा डोळा पटकन झाला. डाव्याला वेळ लागला. आणखी वेळ लागला. क्रेनचा दोर बघताना मी गप्प झालो की माझ्या हाताखालची माणसंही गप्प होतात. ते गप्प होणं मला ओळखता येतं.

"पापा, पिछली बार कब आए थे?"

मी सांगितलं.

त्यांनी पुन्हा अक्षरांचा तक्ता लावला, या वेळी दुसरा. डावा डोळा. मुक्ता काहीच बोलेना.

"पढ़ो बेटा."

ती तक्त्याकडे आणखी पुढे झुकली.

"पहले वाला कैसे पढ़ लिया था?"

"वो दादाजी ने पढ़ा था ना," ती हळूच म्हणाली. "मैंने याद कर लिया."

नकलाकाराची मुलगी. एकदा ऐकून सगळा तक्ता पाठ.

"धुंधला दिखता है? कब से?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाटक के टाइम से."

"मम्मी-पापा को बताया क्यों नहीं, बेटा?"

यावर ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो. "पापा नकल करते हैं."

डॉक्टरांना ते कळलं नाही. ते म्हणाले, "क्या?" मला कळलं होतं.

थेंब

डाव्या डोळ्यात आतून सूज होती आणि बाहुलीची कड एका ठिकाणी चिकटली होती. नजर किती परत येईल, येईल की नाही, याला डॉक्टरांचं उत्तर आमच्या ओळखीचंच होतं. अभी नहीं बता सकता.

संध्याकाळी मुक्ता खेळायला खाली गेल्यावर मी मेधाला सगळं सांगितलं. तारखा, फोन, पोळ्या लाटतानाचं 'झालं'. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने टेबलावरची फाइल उचलली, स्वतःच्या शाळेच्या पर्समध्ये घातली आणि चेन लावली. "आता ही माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाली. नंतर बरेच दिवस ती माझ्याशी फक्त थेंबांविषयी बोलली.

जागेपणी दर तासाला एक थेंब. मी रजा घेतली. सुरुवातीला माझ्या हाताला इतका कंप असायचा की थेंब कपाळावर, नाकावर, एकदा कानात. दुसऱ्या एका औषधाने बाहुली ताणून मोठी व्हायची, मुक्ताला उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून आम्ही पडदे ओढून बसायचो. आठवड्याला तपासणी. दवाखान्याच्या बाकावर तशीच मोठाल्या काळ्या बाहुल्यांची आणखी मुलं बसलेली असायची आणि त्यांच्या आया एकमेकींना पराठे द्यायच्या. कुणी कुणाला 'सब ठीक हो जाएगा' म्हणायचं नाही. 'खा लो' म्हणायचे.

मी मनात हिशेब करायचो. उजव्या डोळ्यालाही झालं तर? ही शाळेत कशी जाईल, रस्ता कसा ओलांडेल? भाजी चिरताना मी एक डोळा मिटून बघायचो. मग दोन्ही मिटायचो.

नकला बंद झाल्या होत्या. मंडळातून संक्रांतीसाठी फोन आला, मी नाही म्हणालो. घरात मी जपून, सपाट आवाजात बोलायला लागलो. मला वाटलं हे प्रायश्चित्त.

एका दुपारी थेंब टाकायला वाकलो तर मुक्ताने माझं मनगट धरलं. "बाबा, माझा डोळा जाणार आहे का?"

"नाही गं. कुणी सांगितलं?"

"मग तू असा का बोलतोस? बातम्यांतल्यासारखा?"

मी बाटली टेबलावर ठेवली.

"तू गप्प बसलास की मला भीती वाटते. नकला कर ना. पण माझी नको करू."

"नाही करणार. कधीच नाही."

"मी तुझी केली तर?"

"कर की."

ती उठली. औषधाची बाटली हातात घेतली, जीभ दातांत धरली, दोन्ही कोपर फाकवले आणि समोरच्या उशीवर वाकली. तिचा हात गदागदा हलत होता आणि तोंडाने ती उशीला बजावत होती, "हलू नकोस! अजिबात हलू नकोस! मुक्ता, तू हलतेयस!" मग एक थेंब स्वतःच्याच पायावर पाडून, "गेला! बरोबर आत गेला!"

दारात मेधा उभी होती. ती हसली. पदर तोंडाला लावून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कित्येक आठवड्यांनी. मी त्या हसण्यात सामील व्हावं की नाही हे मला कळेना, म्हणून मी तिच्या पायावरचा थेंब पुसत बसलो.

आता

मुक्ता नऊ वर्षांची आहे. डाव्या डोळ्याची सूज उतरली. नजर बरीच परत आली, सगळी नाही. शेवटच्या दोन ओळी तिला त्या डोळ्याने दिसत नाहीत, आणि बाहुली एका कडेला जराशी चपटी राहिली आहे. आता पंधरवड्याला एक इंजेक्शन असतं. डोळ्यांची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते. त्या तारखेला गणपती येवोत की नागपूर, आम्ही जातो. तुमच्या मुलाचा गुडघा छान असेल, ते धावत असेल, उंदीर झालं असेल, तरी न्या. माझ्याकडून एवढंच घ्या.

गेल्या महिन्यात थंडी पडली. मी दाढी करत होतो. टप... फस्स... टप.

ब्लेड थांबलं. मी बाहेर आलो तर मुक्ता भिंत धरून उभी, स्विचबोर्डपाशी, कमरेवर हात. हुबेहूब माझी जुनी नक्कल. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, मला सांगता येईना. अर्ध्या गालाला फेस लावलेला मी, मंडळातला नामांकित नकलाकार, आणि मला खरं-खोटं ओळखता येत नव्हतं.

"मुक्ता, खरं की नक्कल?"

"तूच ओळख."

मी गुडघ्यांवर बसलो आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. गरम होता.

"खरं," ती म्हणाली. "काल शाळेतून आल्यावर सुरू झालं. आधी वाटलं, बसच्या पायरीला लागलं असेल. पण आज वाकतच नाहीये. म्हणून सांगतेय." मग माझ्या गालाकडे बघून, "बाबा, रक्त."

मेधा स्वयंपाकघरातून आली. तिने मुक्ताकडे पाहिलं, गॅस बंद केला, पर्सची चेन उघडली आणि फाइल काढून माझ्यापुढे धरली. "मला आज पेपर आहेत मुलांचे," ती म्हणाली. "तुम्ही न्या." मी ती घेतली.

दवाखान्यात आमचा नंबर लागला. बाईंनी गुडघा वाकवून पाहिला, कागद पुढे ओढला. पुन्हा काय वाढून ठेवलंय, औषध बदलणार का, डोळ्याचं काय?

"कब से है, पापा?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं.

"कल से, मॅडम," मी म्हणालो. "कल दोपहर से."